देव चांगला आहे असं म्हणताना

पंडिता रमाबाईंनी आईला स्मशानात नेलं तेव्हा त्या जेमतेम सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. मुलूख परका, दिवस दुष्काळाचे, आणि वडील थोड्याच काळापूर्वी उपासमारीने गेलेले. स्मशान लांब होतं आणि तिरडीला खांदा द्यायला माणसं मिळत नव्हती. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथ्या जागी रमाबाई स्वतः उभ्या राहिल्या. उंची कमी पडत होती, म्हणून त्यांनी तिरडीचं टोक खांद्याऐवजी डोक्यावर घेतलं. पुढे थोरली बहीणही त्याच उपासमारीत गेली.

वडील, अनंतशास्त्री डोंगरे, काही वरवरचे भाविक नव्हते. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष पत्करलेला, गंगामूळच्या रानात आश्रम करून राहिलेला आणि पुढे तीर्थातीर्थांतून पुराण सांगत फिरलेला हा विद्वान. दुष्काळ आला तेव्हा घरातलं होतं नव्हतं ते दानधर्मात आणि अनुष्ठानांत गेलं. अंगमेहनतीची सवय नव्हती, भीक मागवत नव्हती. देवाला जे म्हणून द्यायचं असतं ते सगळं या कुटुंबाने दिलं होतं. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी ते दिवस काही न लपवता मांडले आहेत. लहानपणापासूनची त्यांची श्रद्धा त्या रस्त्यावर तुटली. ख्रिस्ताची ओळख व्हायला अजून बरीच वर्षं होती.

आपल्या मंडळ्यांमध्ये ही कथा एका ठरावीक वळणाने सांगितली जाते. आधी दुःख, मग ख्रिस्त, मग सुख. मला ती मांडणी मान्य नाही, आणि हे पुस्तक लिहिण्यामागे ते एक मोठं कारण आहे. रमाबाईंचा जीवनक्रम नीट पाहावा. १८८० मध्ये भाऊ ढाक्याला वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावींशी लग्न केलं आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. १८८३ मध्ये इंग्लंडला सोबत आलेली मैत्रीण तिथेच मरण पावली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर दुःख थांबलं का? विधवांसाठी त्यांनी काढलेल्या शारदा सदनावरून पुण्यात ज्यांनी आधी डोक्यावर घेतलं होतं त्यांनीच पाठ फिरवली. ऐकू येणं तर तरुणपणीच्या हालअपेष्टांनी अधू झालेलं होतंच. आणि २४ जुलै १९२१ रोजी, जिच्या हाती केडगावला उभारलेलं मुक्ती मिशन सोपवायचं ती चाळिशीची मनोरमा मिरजेत वारली. त्यानंतर नऊ महिनेही झाले नाहीत तोच, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई गेल्या.

बाप्तिस्म्याआधीचं दुःख जड आणि नंतरचं हलकं, असं या आयुष्यात कुठेही दाखवता येत नाही. तरीही त्या शेवटपर्यंत देवाला चांगला म्हणत राहिल्या. कशाच्या आधारावर? पुढची सगळी प्रकरणं या एका प्रश्नाभोवती फिरतात.

तत्त्वज्ञांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने मांडला आहे. देव सर्वशक्तिमान आणि चांगला असेल तर जगात दुःख कसं? हा पेच एपिक्यूरसच्या नावावर सांगितला जातो, म्हणजे तो ख्रिस्तापेक्षाही जुना. ऑगस्टिनने म्हटलं की वाईटाला स्वतःचं असं अस्तित्वच नाही; चांगलं जिथे उणावतं तिथे वाईट दिसतं, आणि ते उणावतं ते माणसाने आपलं स्वातंत्र्य वाकडं वापरल्यामुळे. लायब्निझने १७१० मध्ये अख्खा ग्रंथ लिहून ठरवलं की शक्य असलेल्या सर्व जगांत हेच सर्वांत चांगलं जग आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनमध्ये भूकंप झाला आणि भरलेली चर्चं उपासकांवर कोसळली. चार वर्षांनी व्हॉल्तेरने ‘कांदीद’ लिहून लायब्निझच्या निष्कर्षाची लक्तरं केली. आमच्या काळात ॲल्विन प्लँटिंगा यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं की चांगला, सर्वसमर्थ देव आणि वाईटाचं अस्तित्व या दोन गोष्टी एकत्र मानण्यात तर्काची चूक नाही. हे युक्तिवाद फुकाचे नाहीत. श्रद्धा म्हणजे निव्वळ अडाणीपणा, असं म्हणणाऱ्याला ते नीट उत्तर देतात. पण आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर बसलेल्या आईला तर्कातली चूक शोधायची नसते. म्हणून या पुस्तकात त्यांना एकच प्रकरण दिलं आहे.

अर्ध्या खऱ्या उत्तरांपैकी एक फार सुंदर आहे, आणि म्हणूनच त्याबद्दल सावध राहावं लागतं. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी ओळखलं की रुग्णांची बोटं रोगाने आपोआप झडत नाहीत. तिथली संवेदना गेलेली असते, त्यामुळे भाजलेलं, कापलेलं कळत नाही आणि जखमा बोटं खात जातात. वेदना ही देणगी आहे, असं ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. शरीराबद्दल हे अगदी खरं आहे. मात्र चार वर्षांच्या मुलाच्या रक्ताच्या कर्करोगासमोर हे वाक्य कोणी उच्चारू नये. ती वेदना कशापासूनही वाचवत नाही. ब्रँड स्वतः रुग्णांचे हात पुन्हा वापरता यावेत म्हणूनच शस्त्रक्रिया करत होते, हेही त्यांचं नाव घेताना विसरलं जातं.

सी. एस. लुइस यांची दोन पुस्तकं मी अभ्यासवर्गात नेहमी एकत्र वाचायला सांगतो. १९४० मधल्या पहिल्यात दुःखाच्या प्रश्नाची नेटकी उकल आहे. १९६० मध्ये त्यांची पत्नी जॉय कर्करोगाने गेली आणि पुढच्या वर्षी त्यांनी टोपणनावाने दुसरं लिहिलं. त्यात उकल नाही. त्यात एक माणूस देवाच्या दारावर मुठी आपटतो आणि आतून कडी लागल्याचा आवाज ऐकतो. पहिलं पुस्तक त्यांनी मागे घेतलं नाही, आणि दुसरं लिहायला ते लाजलेही नाहीत. ख्रिस्ती माणसाला ही दोन्ही पुस्तकं लागतात.

बायबलमध्ये मात्र दुसऱ्या प्रकारचं लिखाण अधिक आहे. ईयोबाचं पुस्तक पाहा. ऊस देशातला नीतिमान माणूस. गुरंढोरं गेली, दहा मुलं एकाच दिवशी घराखाली गाडली गेली, मग अंगभर फोड. एलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र लांबून आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. एवढंच करून ते परतले असते तर जगातल्या उत्तम मित्रांत त्यांची गणना झाली असती. आठव्या दिवसापासून ते बोलू लागले. देव न्यायी आहे, तेव्हा तुझ्या हातून काहीतरी घडलेलं असणार. कबूल कर आणि मोकळा हो. त्यांचं एकेक वाक्य आजही प्रवचनात खपून जाईल इतकं धार्मिक आहे. ईयोब ते मान्य करत नाही. तो देवावर खटला भरायला निघतो, समोर ये आणि बोल म्हणतो.

आणि देव वावटळीतून बोलतो. काय बोलतो? डोंगरातल्या रानशेळ्या कधी वितात, जिथे माणूस राहत नाही त्या वाळवंटात पाऊस कोण पाडतो, रानगाढवाला मोकळं कोणी सोडलं. पहिल्या अध्यायात स्वर्गात काय ठरलं होतं ते ईयोबाला अखेरपर्यंत सांगितलं जात नाही. ‘का’ याचं उत्तर बेचाळीस अध्यायांत कुठेही नाही. पण शेवटी देव निवाडा देतो, आणि मला तो सगळ्या बायबलातल्या धक्कादायक निवाड्यांपैकी एक वाटतो. देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या तिघांना तो सांगतो की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. ओरडणारा, भांडणारा, कोर्टात खेचणारा ईयोब देवाविषयी खरं बोलला! आता त्यानेच तुमच्यासाठी प्रार्थना करावी, असं मित्रांना सांगण्यात येतं.

शेवटी ईयोबाला पुन्हा दहा मुलं होतात. अभ्यासवर्गात दर वेळी एखादी आई या जागी थांबते आणि विचारते, आधीच्या दहांचं काय? ती बरोबर थांबते. त्या प्रश्नावर घाईने पुढचं पान उलटू नये, एवढंच मी सांगेन.

रमाबाईंनी हे पुस्तक नुसतं वाचलं नव्हतं. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल खेड्यातल्या बायकांना समजेल अशा मराठीत आणलं. त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, ते प्रसिद्ध झालं. म्हणजे ईयोबाची प्रत्येक ओळ या बाईच्या हातून गेली होती. ज्या घरात तीन माणसं भुकेने मेली त्या घरातली मुलगी ईयोबाच्या मित्रांची भाषणं मराठीत लिहिते आहे, ही गोष्ट मला त्यांच्या चरित्रातल्या कुठल्याही सभेपेक्षा आणि सन्मानापेक्षा मोठी वाटते.

दुःखी माणसाच्या पापाचा हिशेब काढण्याची सवय येशूच्या काळीही होती. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? दोघांचंही नाही, असं येशूने सांगितलं आणि मातीचा लेप करून त्याच्या डोळ्यांना लावला. शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसं मेली होती, तेव्हाही त्याने विचारलं की ते अठरा जण यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा अधिक अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का. तो अध्याय वाचताना मराठी माणसाला किल्लारी आठवावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीची विसर्जनं आटोपून गावं झोपली असताना लातूर-उस्मानाबादची जमीन हलली आणि दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. ती गेली जाड दगडी भिंतींखाली, माळवदाच्या मातीच्या भाराखाली. उन्हापासून वाचवणारी घरं भूकंपात घातक ठरली. यात पाप शोधणं हे मेलेल्यांवर आणखी एक धोंडा टाकणं आहे.

कर्मसिद्धांताचा गाभा माणसाला दोष देणं हा नाही, हे मी जाणतो. त्यावर थोरामोठ्यांनी सखोल विचार केला आहे. पण गल्लीत त्याचं ‘भोग आहेत तिचे’ होतं. आणि आम्ही ख्रिस्ती लोक तरी काय वेगळं करतो? आजार बरा झाला नाही तर विश्वास कमी पडला, असं आमच्या कितीतरी प्रार्थनामेळाव्यांत मंचावरून सांगितलं जातं. आधीच खचलेली बाई घरी जाताना आजारासोबत अपराधही घेऊन जाते. हे ख्रिस्ताचं शिक्षण नाही. हे एलीफजाचं आहे, आणि देवाने ते नाकारलं आहे.

तक्रार करणं ही श्रद्धेची उणीव आहे, असा आणखी एक गैरसमज आपल्याकडे आहे. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी मोठा भाग गाऱ्हाण्यांचा आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एकही ओळ न येता. ज्यांनी हा संग्रह उपासनेसाठी सिद्ध केला त्यांनी ते गाळलं नाही. देवाच्या मंदिरात गाण्यासाठी ते ठेवलं. मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. तुकोबांच्या घरी दुष्काळात पहिली बायको अन्नाविना गेली, मुलगा गेला, आणि त्यांनी विठ्ठलाशी जन्मभर जे भांडण मांडलं ते आपल्या भाषेच्या रक्तात आहे. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं नारायण वामन टिळक म्हणत, त्यात मला या भांडणाचाही वाटा दिसतो. ज्याच्याशी भांडता येतं तो देव जवळचा असतो. ख्रिस्ती झाल्यावर आमच्या काही घराण्यांनी ते भांडण सोडून दिलं आणि गोड, गुळगुळीत प्रार्थना शिकून घेतल्या. हे नुकसान भरून काढण्याची वेळ आली आहे.

आता वधस्तंभ. उत्तम शुक्रवारी आपण सात वचनांवर मनन करतो. त्यांतलं चौथं वचन, देवाने मला का टाकलं हा आक्रोश, स्तोत्रसंहितेतल्या बाविसाव्या स्तोत्राची सुरुवात आहे. ख्रिस्ती विश्वासाचा सगळा भार इथे येऊन टेकतो. ज्याला आम्ही देवाचा पुत्र म्हणतो तो ‘का’ विचारत मरतो, आणि त्या घटकेला वरून काहीही उत्तर येत नाही. आदल्या रात्री गेथशेमानेत त्याने हा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली होती. ती त्याने मागितली तशी ऐकली गेली नाही. तेव्हा ऐकल्या न गेलेल्या प्रार्थनेसह जो उरतो तो काही विश्वासाबाहेर पडलेला नसतो; तो ख्रिस्त जिथे होता तिथेच असतो.

युर्गेन मोल्टमान या जर्मन धर्मशास्त्रज्ञाची गोष्ट इथे सांगितली पाहिजे. १९४३ च्या जुलैत हँबुर्गवर बाँब पडत होते. सतरा वर्षांचा मोल्टमान विमानविरोधी तोफेवर होता. शेजारी उभा असलेला मित्र डोळ्यांदेखत छिन्नविच्छिन्न झाला, तो वाचला. पुढे युद्धकैदी म्हणून स्कॉटलंडच्या छावणीत असताना एका धर्मगुरूने त्याला बायबल दिलं. घरी धर्माचं वातावरण नव्हतं. त्याने गाऱ्हाण्यांची स्तोत्रं वाचली, मार्काच्या शुभवर्तमानातला तो आक्रोश वाचला, आणि त्याला वाटलं की आपल्याला समजून घेणारा कोणीतरी आहे. त्यातून १९७२ चा ‘क्रूसावर दिलेला देव’ हा ग्रंथ आला. देव दुःखाच्या वर, अलिप्त बसलेला नाही. पुत्राच्या मरणात पित्यालाही पुत्र गमावण्याचं दुःख आहे, असं त्यांनी मांडलं. देवाला दुःखाचा स्पर्श होत नाही असं मानणारी जुनी, आदरणीय परंपरा चर्चमध्ये आहे आणि तिच्याकडेही सबळ कारणं आहेत. या वादात माझं मत मोल्टमान यांच्या बाजूला झुकतं. ते पुस्तकात जागोजागी दिसेल.

एक धोका मात्र इथेच आहे. ख्रिस्ताने सोसलं, तेव्हा तूही सोस, असं सांगण्यासाठी वधस्तंभ वापरला जातो. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘आपला वधस्तंभ उचल’ म्हणून परत धाडणारे पाळक माझ्या पाहण्यात आहेत. गावकुसाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या अपमान सोसलेल्यांना सहनशीलतेचे धडे देणारी प्रवचनंही झाली आहेत. ख्रिस्ताने वधस्तंभ इतरांसाठी, जाणूनबुजून उचलला. दुसऱ्याच्या क्रौर्याला देवाची इच्छा म्हणायला त्याने कुठेही सांगितलेलं नाही. जे दुःख माणसाने माणसाला दिलं ते थांबवायचं असतं, त्याचा अर्थ लावत बसायचं नसतं. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या सरकारी इस्पितळात आणि छावणीत बायकांचे जे हाल होत होते त्याविरुद्ध रमाबाईंनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी ते खोटं ठरवलं, तरी त्या मागे हटल्या नाहीत. देव चांगला आहे यावरच्या विश्वासाने त्यांना गप्प केलं नाही. उलट, त्या विश्वासामुळेच हे चालवून घेणं त्यांना अशक्य झालं.

मग त्यांनी देवाचं चांगुलपण पाहिलं कुठे? एक जागा त्यांनी स्वतः सांगून ठेवली आहे. इंग्लंडमध्ये असताना फुलम इथल्या एका आश्रमात त्यांना नेण्यात आलं. समाजाने पतित ठरवलेल्या बायकांची तिथल्या भगिनी प्रेमाने शुश्रूषा करत होत्या. अशा बायकांना शास्त्रांनी आणि रूढीने कसं वागवलं होतं ते रमाबाईंना पाठ होतं. तुम्ही यांच्यासाठी हे का करता, असं त्यांनी विचारलं, आणि उत्तरादाखल त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. कोणी सिद्धांत मांडला नाही. एक काम आणि एक कथा, एवढ्यावर या पंडितेचं मन वळलं.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या तीनशेच्या आसपास मुली-बायकांना घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळानंतर केडगावातली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. फसवल्या गेलेल्यांसाठी कृपा सदन, आंधळ्यांसाठी बार्तमी सदन; अमेरिकेत ब्रेल शिकून आलेली मनोरमा त्यांना शिकवत असे. ज्या मुलीला एके काळी आईला खांदा द्यायला चौथा माणूस मिळाला नव्हता तिने भुकेल्या मुलींसाठी गाव वसवलं. म्हणून तिच्या आईचं मरण ‘योजनेत’ होतं का? असं कोणी म्हटलं की मी थांबतो. देवाने त्या मरणातून चांगलं उभं केलं हे मला दिसतं, मान्य आहे. पण चांगलं उभं राहावं म्हणून देवाने लक्ष्मीबाई डोंगऱ्यांना उपाशी मारलं, हे मी म्हणणार नाही. या दोन वाक्यांतलं अंतर राखण्यातच ख्रिस्ती धर्मशास्त्राचा कस लागतो, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

पुनरुत्थानाबद्दल शेवटच्या प्रकरणात लिहिलं आहे, म्हणून इथे थोडंच. उठलेल्या ख्रिस्ताच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्या. थोमाने त्याच पाहायला मागितल्या. नव्या जीवनात त्या पुसल्या गेल्या नाहीत. झालेलं दुःख झालंच नव्हतं, असं देव करत नाही. आधीच्या दहांचं काय, असं विचारणाऱ्या आईला माझ्याकडे याहून वेगळं उत्तर नाही. ज्या देवावर माझा विश्वास आहे तो तिच्या लेकरांची नावं विसरलेला नाही, आणि मरणाचा शब्द शेवटचा राहू देणार नाही. हे सिद्ध करता येत नाही. यावर आम्ही आमची माणसं पुरतो.

वाचनाच्या क्रमाविषयी एक सूचना. ज्यांच्या घरी अलीकडेच कोणी गेलं आहे, किंवा घरात कोणी अंथरुणाला खिळलं आहे, त्यांनी तत्त्वज्ञांचं प्रकरण सध्या सोडून द्यावं आणि स्तोत्रांच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. तेही जड वाटलं तर पुस्तक मिटून ठेवावं. अभ्यासवर्ग चालवणाऱ्यांनी कोणालाही स्वतःचा अनुभव सांगण्याचा आग्रह करू नये. एखाद्याने वर्गात देवाविषयी कडवट शब्द काढले तर त्याला लगेच दुरुस्त करू नये, आणि त्याच्यासाठी प्रार्थना करण्याआधी त्याला जेवण झालंय का ते विचारावं.